मामांचे तीन टँक

आमच्या घराण्यात आजवर कुणीही युद्धावर गेलेलं नाही; तरी तिसरीपासून मी महिन्यातून एकदा तरी शहीद होत आलो आहे.

याला कारण माझे वडील आणि मुखेडची पत्र्याची टॉकीज. वडील तहसिलात कारकून होते. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला ते मला न्यायचे, पण फक्त युद्धाच्या सिनेमाला. ही कथा सत्य घटनेवर आधारित आहे, अशी पाटी पडद्यावर आली की ते टोपी नीट करायचे, ताठ बसायचे आणि माझ्या कानाशी म्हणायचे, “हे खरं हाय बरं का.” त्यानंतर शंका घ्यायची सोय उरत नसे. नायकाला सात गोळ्या लागायच्या आणि तरी तो आईला, बायकोला आणि देशाला उद्देशून दहा मिनिटं बोलायचा. इतका वेळ तो जगला कसा, असं मी एकदा विचारलं, तर वडील म्हणाले की, सत्य घटना आहे, गप बस. रीळ अडकलं की एखादा जवान खंदकावर उडी मारता मारता हवेतच थांबायचा. बाजाराला आलेली मंडळी पिशव्या मांडीवर घेऊन, तो खाली उतरेपर्यंत श्वास धरून बसायची. तो सुखरूप उतरला की टाळ्या! (पुढच्या मिनिटाला तो मरायचा, ते वेगळं.)

पुढे वडील गेले, टॉकीजचं मंगल कार्यालय झालं आणि मी लातूरला इतिहासाचा मास्तर झालो. पण ते वेड काही सुटलं नाही. ते जुने सिनेमे मी अजूनही बघतो, आणि ती पाटी आली की अजूनही ताठ बसतो.

अशा माणसाला देवानं बायकोचा मामा दिला तो फौजी. किसनमामा. रेणापूरजवळच्या खेड्यात शेती करतात. त्याआधी फौजेत होते आणि एका लढाईत प्रत्यक्ष आघाडीवर होते. (लग्न ठरलं तेव्हा मला मुलीपेक्षा मामाच जास्त पसंत पडले होते, असं बायको आजही पाहुण्यांना सांगते. मी ते नाकारत नाही.) अडचण एकच. मामा बोलायचे नाहीत. पंचवीस वर्षांत त्या लढाईबद्दल ते एकदाच बोलले, तेही बांधावर बसून तंबाखू मळताना.

“तीन टँक होते, जावई. दोन फुटले. तिसरा म्या धरून ठिवला.”

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? अंगावर काटा आला होता. उरलेलं माझं मीच भरलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सांगितलं की मामांनी हातबाँब टाकून दोन रणगाडे उडवले आणि तिसरा आतल्या माणसांसकट पकडला. पुढच्या वर्षी त्या प्रसंगात मामा एकटेच उरले. त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या मांडीत गोळी होती. नववीच्या वर्गात मी फळ्यावर बाण काढून ती सगळी लढाई समजावून सांगायचो. एकटा माणूस रणगाडा पकडतो कसा, असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा मी तिला वडिलांचंच उत्तर दिलं.

बायको म्हणायची, एकदा मामाला नीट विचारा तरी. मी तिला समजावलं की खरा शूर माणूस आपल्या पराक्रमाबद्दल बोलत नसतो. ते काम नातेवाइकांचं असतं.

गेल्या डिसेंबरात मामा चष्म्याचा नंबर काढायला आमच्याकडे आले आणि मी संधी साधली. रविवारी दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणली, शाळेतला प्रोजेक्टर आणला आणि त्या लढाईवरचा जुना सिनेमा लावायचं ठरवलं. चाळीसेक माणसं जमली. पहिल्या रांगेत आमचे मुख्याध्यापक. मामांना मी मधल्या खुर्चीवर शाल घालून बसवलं आणि आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं की त्या टँकचं चार शब्दांत सांगाल ना. मामांचा चेहरा खुलला होता. “सांगतो की. आजपतूर कोनी इचारलंच न्हाई,” ते म्हणाले होते.

सिनेमा सुरू झाला. मी पाटी मोठ्यांदा वाचून दाखवली. तासाभरानं वाळूच्या टेकडीमागून शत्रूचे रणगाडे वर आले आणि मी तिथंच सिनेमा थांबवला. उभा राहिलो. ज्यांनी ही सत्य घटना घडवली ते आज आपल्यात बसले आहेत, वगैरे बोललो. मग पडद्याकडे हात करून मामांना विचारलं, “मामा, हेच ना ते टँक?”

मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. “हे न्हाईत. आमचे गोल होते.”

“गोल?”

“हाव. गोल. वर झाकन अन् खाली तोटी.”

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग मागची रांग हसली, मग मधली, आणि शेवटी मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडावर धरला. बायकोनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला. (ती पदर घेत नाही. पंजाबी ड्रेस होता, ओढणी असेल.) मामांना काहीच कळेना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पान्याचे टँक, जावई. मी लंगरवर होतो न्हवं का, सैपाकाला. तुमाला कोनते वाटले?”

मला जमीन दुभंगून हवी होती. पण फरशी नवीन होती.

आणि मग मामा, कुणी थांबवलं नाही म्हणून, सांगत गेले. वाळवंटातली चौकी. सत्तरेक माणसं. पाणी दर दोन दिवसांनी यायचं, ते या खेपेला आलंच नाही. सकाळी तोफा सुरू झाल्या आणि दोन टँक फुटले. पाणी वाळूनं डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. तिसऱ्याला सुपारीएवढं भोक पडलं. मामांनी पोळ्यांसाठी मळलेली कणीक त्यात कोंबली. ती बाहेर आली. पुन्हा कोंबली. कणीक संपली तेव्हा तळहात लावला, आणि गोळीबाराकडे पाठ करून दिवस मावळेपर्यंत तसेच उभे राहिले. येणारा जवान वरून पेला बुडवून पाणी प्यायचा आणि परत खंदकात जायचा.

हसणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही.

“हात काढावा वाटला नाही?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“काढला तर पानी गेलं असतं की,” मामा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, “पर त्या दिशी पोळ्या न्हाई झाल्या. कनीक समदी भोकात गेली. पोरं उपाशी लढली. ते लई लागतं मनाला.”

मग शेजारच्या काकू, ज्यांनी दुष्काळात टँकरमागं घागर घेऊन धावताना हात मोडून घेतला होता, त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “किती लिटरचा होता हो तो?” लातूरचा माणूस आणखी काय विचारणार. मामांनी अंदाज सांगितला. काकूंनी मनात हिशेब केला, तो टँक सत्तर माणसांत वाटून पाहिला, आणि डोळ्यांना पदर लावला. पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहिलेलं गाव ते. त्यांना तिसरा टँक समजावून सांगायला फळा लागला नाही.

उरलेला सिनेमा मी नंतर एकट्यानं पाहिला. नायक शेवटचं भाषण करत होता आणि मी पहिल्यांदाच त्याच्या मागे बघत होतो. तिथं एक माणूस बादली घेऊन जात होता. अर्धाच दिसला, तोही पाठमोरा. मी मागे घेऊन तो तीनदा पाहिला. वडील असते तर त्यांना दाखवला असता.

प्रजासत्ताक दिनाला मुख्याध्यापकांनी मामांना शाळेत बोलावलं. परिचयाचं भाषण मी दोन रात्री जागून लिहिलं. मुख्याध्यापकांनी कार्यक्रमपत्रिकेतून माझं नाव खोडलं आणि गोड आवाजात सांगितलं, “सर, मामा स्वतःच बोलतील. तुम्ही फक्त पिण्याच्या पाण्याचं बघा.”

मी बघितलं. मामा बोलायला उभे राहण्याआधीच पाणी संपलं.