चोवीस खिडक्या आमच्या, पंचवीस त्याच्या

आमच्या या डच गावात घरं तेवीस आणि माणसं एकोणसाठ. दुकान नाही, शाळा नाही. बस आहे, पण तासभर आधी फोन करून बोलावली तरच येते. इथे येण्याआधी आम्ही विमानतळाशेजारी बाडहूव्हडॉर्पला राहायचो. तिथे आमच्या एका इमारतीत याहून जास्त माणसं होती आणि त्यातल्या चौघांना मी ओळखत होतो. इथे सहा वर्षांत सगळ्यांना ओळखू लागलो. गाईसुद्धा बऱ्याचशा ओळखीच्या झाल्या आहेत.

इथे सहसा नावानं हाक मारत नाहीत. पुरुष असेल तर 'बूरमन', बाई असेल तर 'बूरव्राउ'. म्हणजे शेजारी आणि शेजारीण. पुढच्या दाराची बेल फक्त पार्सलवाला वाजवतो. बाकीचे मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात येतात आणि मग विचारतात, "आहे का कुणी?"

या गावाचा सर्वात मोठा सण म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी होणारा शेणाचा बिंगो. मी थट्टा करत नाही. कुरणावर पांढऱ्या पट्ट्यांनी शंभर चौकोन आखतात, चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला चार-चार देतात. उरलेले आठ कुणाचेच नाहीत. मग एक गाय आत सोडतात आणि सगळं गाव कुंपणाला टेकून उभं राहतं. गाय ज्याच्या चौकोनात शेण टाकेल ते घर जिंकलं. जिंकणाऱ्याला ऑक्टोबरमधल्या गावजेवणाचा बेत ठरवता येतो. बस, एवढंच. पण या एवढ्यासाठी माणसं आठवडाभर आधीपासून गाईकडे टक लावून बघत असतात.

बेत मात्र दर वर्षी एकच. कुणीही जिंको, स्टाम्पॉट. बटाटे आणि केल नावाची हिरवी पालेभाजी उकडून एकत्र कुस्करायची, मध्ये चमच्यानं खळगा करायचा, खळग्यात तपकिरी रस्सा ओतायचा, शेजारी सॉसेज. लसूण नाही, मिरची नाही. आम्ही शाकाहारी, म्हणून आम्हाला रस्सा आणि सॉसेज यांच्या बदल्यात व्हिनेगरमधली एक काकडी.

"एकदा," माझी बायको म्हणायची, "फक्त एकदा या गावाला मिसळ खायला घालायचीय मला. मग मला या काकडीचासुद्धा राग येणार नाही."

यंदा तर तिनं कमालच केली. चिठ्ठ्या पडायच्या आधीच रायस्वाइकच्या देशी दुकानातून पाच किलो मटकी आणून ठेवली. मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे शंभरातले चार चौकोन. म्हणजे चार टक्के."

"गाय टक्केवारी शिकलेली नाही," ती म्हणाली.

माझ्याकडे पंचाचं काम होतं. मी गोदामातल्या मालाच्या मोजदादीत आयुष्य घालवलेला माणूस; गावाला वाटलं, हा बरा. वसंतातल्या बैठकीत मीच एक नियम सुचवला होता: शेण रेषेवर पडलं, तर ज्याच्या बाजूला जास्त, तो जिंकला. त्याआधी असं झालं की लोक नुसते ओरडायचे आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकायचा. माझा नियम हात वर करून मंजूर झाला. बायकोचाही हात वर होता, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

तर गाय सुटली. ती पलीकडच्या शेतकऱ्याची, म्हणजे आमच्या बूरमनची होती. चाळीस मिनिटं तिनं नुसतं गवत खाल्लं. मग ती चालत चालत आमच्या चौकोनापाशी आली. बायकोनं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. गाईनं शेपूट उचललं.

"आमचं!" बायको मराठीत किंचाळली. "आमचं, आमचं, आमचं!"

आणि गाय अर्धं पाऊल पुढे सरकली.

शेण बरोबर रेषेवर पडलं. रेषेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बूरमन.

एकोणसाठ जणांचे डोळे माझ्याकडे वळले, माझे स्वतःचे सोडून. मी दोरी ताणून शेणाखाली लपलेली रेषा वर आणली. मग बूरमनकडून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मागवली, ती शेणावर अलगद ठेवली आणि गुडघ्यांवर बसून जाळीच्या चौकोनी खिडक्या मोजायला लागलो. अर्ध्याहून जास्त भरलेली खिडकी एक धरायची, कमी भरलेली सोडून द्यायची. आमची मुलगी कुंपणापलीकडे पाठ करून उभी होती, या माणसाशी आपला काही संबंध नाही अशी.

आमच्या बाजूला चोवीस. बूरमनच्या बाजूला पंचवीस. पुन्हा मोजलं, तेच.

मी जाळी उचलली, तेवढ्यात गाय परत आली, शेणात पाय ठेवला आणि निम्मं शेण आमच्या चौकोनात ढकलून निघून गेली.

"आता मोज!" बायको म्हणाली.

"मोजणी झालीय."

"अरे, डोळ्यांनी दिसतंय! ढीग आपल्याकडे आहे!"

"पडलं तेव्हाचं धरायचं. पाय दिल्यानंतरचं नाही."

"तू माझा नवरा आहेस की तलाठी?"

गावाला मराठी येत नाही, पण हे वाक्य सगळ्यांना कळलं. मी पंचवीस-चोवीस असं जाहीर केलं. बूरमननं टोपी काढून गाईला सलाम केला आणि बेत सांगितला: स्टाम्पॉट.

त्यानंतर घरात मटकीच्या पिशवीकडे बघायचीही सोय राहिली नाही. बायको माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलत होती, आणि मुलगी ते डचमध्ये, निम्मं गाळून सांगत होती.

गावजेवणाच्या आठवड्यात मागचं दार उघडलं. बूरमन आणि त्याची बायको. तो टोपी हातात चुरगाळत होता.

"ही स्वयंपाक करणार नाही म्हणते," तो म्हणाला.

"नाहीच करणार," त्याची बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "दर वर्षी कुणीही जिंको, बटाटे मीच कुस्करते. बेत त्यानं ठरवलाय. शिजवणार कोण, हे तुमच्या नियमात कुठे आहे, बूरमन?"

मी आठवून पाहिलं. कुठेच नव्हतं.

"स्टाम्पॉट तर स्टाम्पॉट," बूरमन माझ्या बायकोला म्हणाला. "फक्त तुम्ही करा. प्लीज."

बायको ओट्याला टेकून उभी होती. तिनं मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा थेट प्रश्न विचारला. "खळगा असतो ना त्याला?"

"असतो."

"खळग्यात काय ओतायचं, ते ठरलंय?"

"नुसतं 'रस्सा' म्हणतात."

ती हसली. ते हसू मला कळलं आणि मी पाच किलो मटकीला मोड यायला किती पातेली लागतील याचा हिशोब करायला बसलो. अकरा. आमच्याकडे सहा होती. उरलेली गावानं मागच्या दारानं आणून दिली.

गावजेवणाला प्रत्येक ताटात हिरवागार स्टाम्पॉट होता, अगदी नियमात. मध्ये खळगा. खळग्यात लालभडक कट, वर तर्री, कटात मटकी, कडेनं शेव. सॉसेज ज्याला हवं त्याला.

पहिला घास बूरमनचा. त्यानं चमचा तोंडात घातला आणि थांबला. कान लाल झाले, मग नाक, मग टक्कल. सगळं गाव त्याच्या टकलाकडे बघत होतं. माझ्या बायकोच्या हातातला डाव हवेतच राहिला. तो पेलाभर पाणी प्यायला, मग त्यानं डोळे पुसले आणि ताट पुढे केलं.

"बूरव्राउ," तो म्हणाला, "खळगा फार लहान झालाय."

मग जी धमाल उडाली! लोक बटाट्यात विहिरी खणत होते. बूरमनची बायको तर बटाटे बाजूला सारून नुसता कटच पीत होती आणि रडत रडत हसत होती.

मीही रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली, तेव्हा बायकोनं माझ्या ताटात कोरडा स्टाम्पॉट वाढला, खळगा न करता, आणि वर व्हिनेगरमधली एक काकडी ठेवली.

"अगं, हे काय?"

"नियमाप्रमाणे," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डावातला अर्धा कट माझ्या शर्टावर सांडला.