आत्याच्या गल्लीचा भाव

माझी आत्या शकुबाई पगारे नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. चौऱ्याहत्तर साली नाशिकमध्ये तिला कोणी प्लॉट देईना. आडनाव ऐकलं की मालकाला लगेच आठवायचं, अरे, तो तर कालच विकला! शेवटी स्मशानामागची बाभळींची जागा मिळाली. ती कोणालाच नको होती, म्हणून मातीमोल भावात आम्हाला मिळाली. आत्याने दोन खोल्या बांधल्या आणि छपरावर पंचशील ध्वज लावला.

दहा वर्षांत शहर तिथवर येऊन पोचलं. डांबरी रस्ता झाला, नळ आले, आणि ज्यांना स्मशान खुपत होतं त्यांनीच शेजारी बंगले बांधले. जागेचा भाव कुठल्या कुठे गेला.

एका वैशाख पौर्णिमेला आम्ही खीर वाटत होतो. शेजारच्या वकिलांनी वाटी घेतली, पण तोंडाला लावली नाही.

"बाई, उद्या माझा बंगला बघायला गिऱ्हाईक येतंय," ते म्हणाले. "तेवढा झेंडा दोन दिवस उतरवा. गल्लीचा भाव पडतो हो."

"इथे नुसती मढी जळत होती, तेव्हा आम्ही राहून दाखवलं," आत्या कडाडली. "भाव त्यानंतर आलाय. आधी ती खीर खा, नाहीतर वाटी ठेवा."

त्यांनी वाटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गाडीतून उतरलं, तर झेंड्याखाली आत्या उभी.

"या! मी शकुबाई पगारे," ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "आडनाव नीट ऐका. भाव किती पाडायचा तो पाडून घ्या. मी इथून हलणार नाही."