वच्छलाबाईंचा र

वच्छलाबाईंचं अक्षर साऱ्या सौंसरला ठाऊक होतं. तालुक्याच्या जनपद सभेच्या मुलींच्या शाळेत त्या चौथीला शिकवत. हजेरीबुकांवरची नावं, शाळेची पाटी, गावातल्या लग्नपत्रिकांचे मथळे, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांचा 'र' खाली उतरता उतरता हलकेच डावीकडे वळायचा. घरी म्हातारी आई आणि त्या, दोघीच. शाळेच्या पगारावर घर चाले.

त्यांचा आतेभाऊ विनायक पांढुर्ण्याला दुकानांच्या पाट्या रंगवी, टॉकीजमध्ये दाखवायच्या काचेच्या जाहिराती करी. छप्पन सालचा पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची गोटमार आटोपली आणि तो 'विनायक पब्लिसिटी' नावानं धंदा थाटून बाईंकडे आला.

"ताई, मले कार्ड काढून दे. नागपूरच्या जाहिरातवाल्यायजवळ असते तसं. सूर्य टाक, कमळ टाक, ब्रश टाक, संत्र्याचं झाड टाक."

"एवढ्याशा कागदावर?"

"मंग मोकळा ठेवतं का?"

बाईंनी तो मोकळाच ठेवला. कार्डाएवढे चौदा कागद कापून त्यांनी चौदा तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी डाव्या अंगाला खाली फक्त नाव, त्याखाली बारीक तांबडी रेघ, आणि रेघेखाली 'पाट्या, जाहिराती, अक्षरं रंगवून मिळतील. पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा'. पुढे राज्याचं नाव लिहायला त्यांचा हात धजेना. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मात्र मध्यप्रदेशातच राहणार, अशा बातम्या होत्या आणि त्यावरून चहाच्या दुकानात माणसं हातघाईवर येत. बाई जिल्ह्यावरच थांबल्या.

विनायक कार्डावर एवढा खूश झाला की त्यानं अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं काढून मागितली. "पुढच्या गिऱ्हाइकायच्या कार्डाले लागतीन." बाईंनी तीही काढून दिली.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. शाळेत जाताना बाईंना बस स्टँडच्या भिंतीजवळ गर्दी दिसली. भिंतीवर पत्रक होतं: 'आम्हांला नागपूरपासून तोडू नका.' खाली सही नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. बाईंनी ते एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा नुसती अक्षरं पाहिली. नागपूरमधला 'र' डावीकडे वळला होता.

नोकरीवर असताना राजकारणात पडणार नाही, असं त्यांनी लिहून दिलेलं. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं.

"बाई, तुमचा र बिघडला," जयवंता नावाची मुलगी म्हणाली.

"हात दुखते माझा. गुपचूप लिही."

घरी येऊन त्यांनी ते चौदा कागद चुलीत घातले. आई विचारत राहिली, "काय जाळून राहिली वो?" त्यांनी राख ढवळून वर लाकूड सारलं. रविवारी बस धरून त्या पांढुर्ण्याला गेल्या. त्यांना पाहताच विनायकचा चेहरा उतरला.

"मीच छापलं, ताई. तुह्या अक्षरायचे छापायचे ब्लॉक करून आणले होते नागपुरातून."

"काहून केलं बे असं?"

"माये सारे गिऱ्हाईक नागपूरचे. उद्या तेच परराज्य होईन. जीव घाबरला माया. तुह्या अक्षराचं ध्यानातच नाही आलं." मग हळूच म्हणाला, "तू काही बोलू नको."

मंगळवारी शाळेसमोर जीप थांबली. शाळा तपासणारे साहेब उतरले, मागून ठाणेदार. मुख्याध्यापिका सुनंदाबाईंच्या टेबलावर त्यांनी पत्रक ठेवलं आणि शेजारी बाईंच्या हातच्या मथळ्याची एक लग्नपत्रिका. वच्छलाबाईंनी ते दारातून पाहिलं आणि त्या वर्गात परतल्या. हे अक्षर याच शाळेत गिरवतात का ते पाहायला साहेब चौथीच्या वर्गात आले.

"मुलींनो, पाटीवर नागपूर लिहा."

छत्तीस पाट्या वर झाल्या. बाई एकेक पाटी पाहत गेल्या. छत्तीसच्या छत्तीस 'र' डावीकडे वळलेले. शाळा सुरू झाल्यापासून त्यांनीच तर गिरवून घेतले होते.

साहेब गोंधळले. "हे तर साऱ्या गावाचंच अक्षर दिसते."

बाईंना वाटलं, सुटले. तेवढ्यात ठाणेदारानं जयवंताची पाटी उचलली. "ही कोणाची पोरगी? पुंडलिकरावची ना? तो परवाच्या सभेत लई बोलला. बोलवा त्याले ठाण्यात."

जयवंता रडायला लागली. बाई पुढे झाल्या.

"साहेब, अक्षरं माझी आहेत. या पोरींनी माझंच गिरवलं. पत्रक मी छापलं नाही, पण अक्षरं माझी."

"मग छापलं कोणी?"

साहेबांनी दोनदा विचारलं, ठाणेदारानं आवाज चढवून विचारलं. बाईंनी नाव घेतलं नाही. पुंडलिकरावांना मात्र कोणी बोलावलं नाही.

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला पोचली आणि विनायक आपल्या पायांनी ठाण्यात गेला. छापणाऱ्याचं नाव न घातल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, ब्लॉक जप्त झाले. बाईंना ताकीद मिळाली, आणि राज्याच्या सीमा बदलल्या त्याच महिन्यात लोधीखेड्याला बदली. आईला घेऊन त्या तिकडे राहायला गेल्या. शाळेबाहेर मोटार वाजली की पुढची कित्येक वर्षं त्या हातातला खडू ठेवून खिडकीशी जात.

तीन वर्षं त्यांनी कोणासाठी एक ओळ काढली नाही. मग गुणवंता नावाच्या शिंप्यानं कार्डासाठी फारच गळ घातली. बाईंनी आठ दिवस नाही नाही म्हटलं, आणि नवव्या दिवशी काढून दिलं. मात्र आधी त्याच्याकडून कागद करून घेतला: ही अक्षरं कार्डाशिवाय दुसऱ्या कशालाही वापरणार नाही. गुणवंताला लिहितावाचता येत नव्हतं. त्यानं आनंदानं अंगठा उठवला.