बोटवाल्यांची आश्विनातली बिअर

ग्लास तिरका धरायचा, बाटलीतली धार कडेकडेने सोडायची, आणि समोरच्याने हात पुढे केला की तो हलकेच बाजूला सारून विचारायचं, "घाई खंय आसा?" फेस खाली बसेपर्यंत ग्लास कुणाच्या हाती मिळत नसे. तोपर्यंत तुम्ही समुद्राकडे बघायचं, एवढीच त्यांची अट होती.

मालवणजवळच्या तोंडवलीत सगळे त्यांना 'बोटवाले' म्हणत. उभं आयुष्य त्यांनी मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढलं होतं. दोन हजार सालाच्या एकदोन वर्षं आधी ते कायमचे घरी आले. त्याच सुमारास माझी जवळच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या कामावर बदली झाली. मी सांगलीकडचा. समुद्र मला फक्त कॅलेंडरवर ठाऊक. त्यांच्या शेजारच्या घरात खोली मिळाली आणि मी त्यांच्या तोंडी 'कंपाउंडरानू' झालो.

बिअर ते स्वतः घरी करत. वर्षातून एकदाच, पाऊस ओसरल्यावर. युरोपातल्या कुठल्याशा बंदरात एक म्हातारी आपल्या परसात बिअर करायची. बोट तिथे लागली की हे तिच्या चुलीपाशी जाऊन बसत. तिच्याकडूनच शिकले. शरद लागला की तिथली माणसं दिवसभराचं काम संपवून दाराबाहेर बाकावर बसतात, नवरा-बायको शेजारी शेजारी, एकेक ग्लास घेऊन, काही न बोलता. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! बिअरपेक्षा त्या बाकाविषयीच ते जास्त बोलत.

घरी आल्यावर आपणही तसंच बसायचं, हे त्यांनी बोटीवर असतानाच ठरवून टाकलं होतं. वयनींना मात्र त्याची काहीच कल्पना नव्हती.

वयनी म्हणजे त्यांच्या बायको. मासे, त्यांच्या बोलीत म्हावरा, विकायच्या. पहाटे रापणीवरून, म्हणजे वाळूवर ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून, किंवा होडीवरून मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर चढवायची आणि पहिल्या एसटीने मालवणचा बाजार गाठायचा. नवरा समुद्रावर असताना दोन मुलं त्यांनी याच पाटीवर वाढवली. बोटीवरून पैसे यायचे, पण कधी यायचे, कधी नाही. आता मुलगी सासरी आणि मुलगा मुंबईत होता. तरी पाटी सुटली नव्हती.

पहिल्या वर्षीची बिअर मी विसरणार नाही. बोटवाल्यांनी सातू भिजवून त्याला मोड आणले, ते अंगणात वाळवले, भाजले आणि गिरणीत भरडायला नेले. गिरणीवाल्याला वाटलं, घरी कुणीतरी आजारी आहे. त्या भरडीचं पाणी तांब्याच्या हंड्यात उकळताना त्यात वाळकी हिरवी फुलं पडली. बिअरला कडसरपणा देणारी ही हॉपची फुलं विजयदुर्गचे त्यांचे एक खलाशी मित्र सुट्टीवर येताना आणून देत. ते मित्र नमाजी, दारूला कधी शिवले नाहीत. पण मैत्रीखातर तो पुडा ते पेटीत जपून आणायचे आणि देताना दरवेळी म्हणायचे, की या गवतासाठी तू मला एक दिवस कस्टमवाल्यांच्या हाती देशील.

मालवणच्या बेकरीतून आणलेलं यीस्ट बोटवाल्यांनी अंदाजाने घातलं, आणि अंदाज चुकला. गणपतीत शेजारी भजन रंगात आलं असताना त्यांच्या पडवीतल्या बाटल्या एकामागून एक फुटू लागल्या. भजनीमंडळींना वाटलं, पोरांनी फटाके लावले. बुवांनी उलट आवाज चढवला. बोटवाले टाळ हातात घेऊन शेवटची बाटली फुटेपर्यंत शांतपणे ताल धरून राहिले. आरती झाल्यावर केरसुणी घेऊन गेले आणि पडवी धुऊन काढली. मी मदतीला गेलो तर म्हणाले, की भादव्यात करायलाच नको होती, आश्विनात करू. एवढंच.

पुढच्या वर्षी आश्विनात केली, ती आंबली. तिथली ऑक्टोबरची हीट तुम्हाला माहीत असेल. दुपारी नारळाच्या सावलीतसुद्धा वाळू चटके देते. त्या उकाड्यात हंड्यातलं पाणी दोन दिवसांत व्हिनेगर झालं. तरी चव बघायला आलेल्या तिघांनी ते प्यायलं आणि सकाळी माझ्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. पोटदुखीच्या गोळ्या देताना मी कारण विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या सगळ्या संध्याकाळी बोटवाले सुरूच्या बनापलीकडे वाळूत चटई टाकून बसत. बिअर जमलेली असो वा नसो, चटई असायचीच. वयनी बाजारातून परतताना त्याच वाटेने यायच्या. रिकामी पाटी काखेत, पदर खोचलेला. हे म्हणायचे, "बस गो वायच." त्या न थांबता उत्तर द्यायच्या, "बसान पोट भरता काय?" आणि पुढे जायच्या. रोज हेच. मला तो लटका रुसवा वाटे. गावालाही तसंच वाटे, आणि लोक त्यावर हसत.

त्यापुढच्या वर्षी बिअर थोडी बरी झाली. कोजागिरीला गावातली पाचपंचवीस माणसं वाळूत जमली होती. दिवस मावळला तसा डोंगरामागून चंद्र वर आला आणि खाडीच्या तोंडाशी पाणी उजळलं. सगळ्यांच्या हातात मसाल्याचं दूध, बोटवाल्यांच्या हातात त्यांचा ग्लास. दोन्हींवर फेस असल्यामुळे लांबून फरक कळत नव्हता. वयनी दुधाचं पातेलं घेऊन वाढत फिरत होत्या आणि मी त्यांच्यामागे पेले घेऊन. चटईपाशी आल्यावर बोटवाल्यांनी सगळ्यांसमोर शेजारची जागा हाताने झाडली आणि म्हणाले, "आता तरी बस गो."

कुणीतरी हसलं. वयनींनी पातेलं खाली ठेवलं. आवाज न चढवता, जवळ असलेल्यांनाच ऐकू जाईल इतपत, त्या बोलल्या.

"तुमी गेलास तेव्हा पयला वरीस मी रोज हंयच येवन बसलंय. बोट गेली त्या दिशेक बघीत. मगे एक दिस उठलंय आणि ठरवलंय, परत बसूचा नाय. बसान रवलंय आसतंय तर पोरांका कोण जगवतलो होतो?"

आणि पातेलं उचलून त्या पुढच्या घोळक्याकडे गेल्या. दूध वाढताना त्यांनी एक थेंबही सांडू दिला नाही. मीच दोन पेले सांडले.

बोटवाल्यांनी हातातला ग्लास वाळूत ठेवला आणि तो पुन्हा उचलला नाही. चटई गुंडाळून ते घरी गेले. ती चटई त्यानंतर मी समुद्रावर पाहिली नाही.

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तसं झालं नाही. दोन दिवसांनी मी कामासाठी मालवणला निघालो होतो. पहिल्या गाडीच्या थांब्यावर बोटवाले उभे. डोक्यावर चुंबळ, त्यावर बांगड्याची पाटी, खांद्यावरून पाणी ओघळतंय. चार पावलांवर वयनी, तोंड दुसरीकडे फिरवून.

मासळीबाजार बायकांचा. तिथे पुरुष येतो तो घ्यायला किंवा बर्फ टाकायला. हे वयनींच्या शेजारी गोणपाट टाकून मांडी घालून बसले. बायकांनी त्यांना फार छळलं. एकीने विचारलं, बोट बुडाली काय, म्हणून बायलेच्या वांगडा, म्हणजे बायकोबरोबर, बसायला आलात. दुसरीने साडी नेसवायची तयारी दाखवली. वयनींना ते सगळं लागत होतं. त्या बाजारात त्यांचा शब्द होता, मान होता, आणि आता त्या हसण्याचा विषय झाल्या होत्या. घरी जा, असं वयनींनी बोटवाल्यांना किमान तीनदा सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं. ते हो म्हणायचे आणि तिथेच बसायचे. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर बोट दाखवून सांगायचे, "हिका इचारा."

तो सगळा मोसम ते गेले. रोज. गावात काहींना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. माझ्याकडे येऊन एकाने तशी गोळी मिळते का, असंही विचारलं. मी बोटवाल्यांना एकदा म्हटलं, की वयनींना हे आवडत नसेल तर कशाला? ते सुरमई साफ करत होते. विळीवरून नजर न काढता म्हणाले, की इतकी वर्षं ती जिथे बसली ती जागा मी पाहिलेलीच नव्हती, आता बघतोय.

हळूहळू बायकांना सवय झाली. मासे कापायला बोटवाल्यांचा हात चांगला, त्यामुळे वयनींकडे गिऱ्हाईक वाढलं. चिडवणाऱ्यांपैकीच एक जण घरी काही कार्य असलं की बोटवाल्यांना तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण कसं करायचं, हे विचारू लागली. वयनी मात्र बाजारात त्यांच्याशी कामापुरतंच बोलत.

पुन्हा पाऊस झाला, नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. बोटवाल्यांनी त्याही आश्विनात हंडा चढवला. कुणासाठी करता, असं विचारण्याऐवजी मी हंड्याखाली लाकडं सारत राहिलो. पाणी गार झालं, बरणीत भरलं, यीस्ट पडलं, बरणी पडवीत कोपऱ्यात ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावलो तर बरणीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. मासळी ताजी राहावी म्हणून वयनी पाटीवर घालायच्या, तसलंच. मी बोटवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांनी गुंडाळलेलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस ते गोणपाट दर दुपारी कुणीतरी भिजवत होतं, आणि घरात माणसं दोनच होती.

त्या वर्षीची बिअर स्वच्छ झाली. मधासारखा रंग, कडसर चव, आणि मागे भाजक्या धान्याचा वास. बोटवाल्यांनी एक बाटली उघडून मला चव दाखवली आणि बाकीच्या खाटेखाली ठेवून दिल्या.

दसरा होऊन गेला होता. त्या दिवशी रापणीला बांगडा इतका लागला की दोर ओढायला शाळेतल्या शिक्षकांपासून सगळे आले. मीही आलो. तळहात सोलवटले. जाळं वाळूवर आलं, मासळीची वाटणी झाली, टेम्पो भरून गेला. दिवस कलला. माणसं पांगली. बोटवाले दोघातिघांबरोबर जाळं झाडत होते. वयनींनी पाण्यात जाऊन हातपाय धुतले, पदराने तोंड पुसलं, कोरड्या वाळूपर्यंत चालत आल्या आणि समुद्राकडे तोंड करून बसल्या. पाय लांब केले. पाटी बाजूला उपडी ठेवली.

मला ते आधी दिसलं. मग जाळं झाडणाऱ्या एकाने बोटवाल्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी वळून पाहिलं आणि हातातलं जाळं तिथेच सोडून ते घराकडे धावत सुटले. साठी उलटलेला माणूस, मऊ वाळू, पाय रुतताहेत. मी त्यांना पळताना पहिल्यांदाच पाहत होतो. परतले तेही धावतच, एका हातात बाटली, दुसऱ्यात दोन ग्लास. आणि ती तशी हिंदकळलेली बाटली उघडल्यावर जे व्हायचं तेच झालं. अर्धी बिअर त्यांच्या सदऱ्यावर आणि वयनींच्या पदरावर गेली. उरलेली दोन ग्लासांत जेमतेम चार-चार घोट आली.

वयनींनी ग्लास नाकाशी नेला. एक घोट घेतला.

"कडू आसा," त्या म्हणाल्या.

पण उठल्या नाहीत. सूर्य पाण्याला टेकला, बुडाला, मागे उजेड राहिला, तोही गेला. आम्ही बाकीचे जाळं गुंडाळून निघालो.

पुढे माझी बदली होईपर्यंतचे सगळे आश्विन-कार्तिक मी त्या दोघांना तिथे पाहिलं. सकाळी बाजारात शेजारी शेजारी, संध्याकाळी वाळूत. ते फारसे बोलत नसत. कधी वयनी घोटभर घेत, कधी नुसताच ग्लास धरत. एव्हाना तोंडवलीला पर्यटक येऊ लागले होते. कुणीतरी घरच्या बिअरची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली. पुण्याची काही मंडळी विकत मागायला आली, तेव्हा बोटवाल्यांनी त्यांना साफ नाही म्हणून सांगितलं. हे विकायचं नव्हतंच कधी. शेजारी बसा, ग्लासभर देतो, म्हणाले. मंडळी बसली. जाताना त्यांच्यातल्या एका बाईने आपल्या नवऱ्याचा हात धरला होता, हे मला आठवतं.

बदली होऊन मी घाटावर आलो. तीन-चार वर्षांनी एका पावसाळ्यात फोन आला, बोटवाले गेले. छातीचं दुखणं होतं. गावाहून लांबच्या हॉस्पिटलात आठवडाभर होते. मला लगेच निघता आलं नाही. पाऊस संपल्यावर गेलो तो थेट मालवणच्या बाजारात, कारण वयनी तिथेच भेटणार हे ठाऊक होतं.

त्या होत्या. थोड्या वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी गोणपाट सरकवलं आणि गिऱ्हाइकं सांभाळत हॉस्पिटलातल्या दिवसांचं सांगू लागल्या. शेजारच्या खाटेवर कुणी निवृत्त साहेब होते. स्वभावाने बोलके. त्यांनी बोटवाल्यांना विचारलं, आपण काय करता? वयनींना वाटलं, आता बोटींच्या गोष्टी सुरू होणार. सगळी बंदरं, सगळे देश, तो साहेब रात्रभर झोपायचा नाही.

"आणि काय सांगल्यानी म्हायत आसा?" वयनींनी मला विचारलं. मग बोटवाल्यांच्याच आवाजात, सावकाश, त्यांनी ते म्हणून दाखवलं.

"म्हावरा विकतंय. हिच्या वांगडा."

सांगून त्या हसल्या, पदराच्या टोकाने डोळे टिपले, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला बांगड्यांचा वाटा लावून देऊ लागल्या.