एका दोऱ्याचा ताका

फोन आला तेव्हा मी सुरतेत, उधन्याला शिंप्याच्या दुकानात होतो. मुलाने आणलेला पँटपीस शिवायला टाकायचा होता. शिंपी टेप शोधत होता, तेवढ्यात मी सवयीने कापड दाराच्या उजेडाकडे धरलं. किनारीपासून चार बोटांवर एक उभा धागा तुटलेला होता. शिंप्याला दाखवला, तर तो म्हणाला, काका, शिलाईत जाईल, कोणाला दिसणार नाही. मी त्याच्याशी वाद घालायच्या बेतात होतो आणि खिशात फोन वाजला. वैशाली होती, माझ्या मित्राची, हिरामणची मुलगी. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. सकाळचा चहा अर्धा पिऊन कप खाली ठेवला आणि गेला, हे मागाहून कळलं. मी कापड शिंप्याच्या हातात दिलं, शिव तू म्हणालो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझा मित्र आठवला नाही. गेल्या रविवारी मी त्याला शेवटचं काय बोललो, ते आठवलं.

आता सहा आठवडे झाले. झोप धड लागत नाही, दिवसा काही करावंसं वाटत नाही. लिहून काढलं तर थोडं हलकं वाटेल, असं बायकोचं म्हणणं. बघू.

मी आयुष्यभर खोट काढत आलो. हे कौतुकाने सांगत नाही, तो माझा धंदाच होता. पांडेसऱ्यात एका मिलच्या चेकिंग खात्यात चौतीस वर्षं काढली. मागावरून उतरलेला कापडाचा ताका खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावरून हळूहळू सरकत जातो आणि चेकर डोळ्यांत तेल घालून बघत राहतो. कुठे धागा तुटलाय, कुठे जाळं पडलंय, कुठे तेलाचा डाग. खोट दिसली की तिच्या समोर किनारीला लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि पुढे जायचं. ही खोट का आली, कोणाच्या मागावर आली, त्या कारागिराच्या घरी काय चाललंय, हे चेकरने विचारायचं नसतं. जी खोट भरून निघण्यासारखी असेल ती दुरुस्तीच्या बायका सुईने भरतात आणि दोरा कापून टाकतात. शेवटी उरलेले दोरे मोजायचे. ठरल्यापेक्षा जास्त निघाले तर ताका परत, नाहीतर पास. एवढं सोपं काम. तरी घरी जेवताना ताटातल्या पोळीतही खोट काढायची सवय लागते. माझ्या बायकोने ती चौतीस वर्षं सोसली.

हिरामण बमरोलीला लूम्सच्या कारखान्यात मागांचा मिस्त्री होता. आम्ही दोघेही अमळनेरकडचे, पण ओळख झाली ती सुरतेतच, शनिवारच्या भजनात. मी टाळ वाजवायचो, तो मागे बसून ऐकायचा. पन्नाशी उलटल्यावर या माणसाला गिटारचं वेड लागलं, तेही साधं नाही. तरुणपणी कोणाकडे तरी त्याने आडवी ठेवून वाजवायची गिटार ऐकली होती. पुढे मोबाइलवर त्याला तिची थोरली बहीण दिसली, पेडल स्टील गिटार. टेबलासारखी चार पायांवर उभी, दहा तारा, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत तुकडा घेऊन तो तारांवरून सरकवायचा. खाली पायाने दाबायच्या पट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायची एक दांडी. पट्टी दाबली की तार ताणली जाते आणि वाजता वाजताच सूर वर चढतो. असलं वाद्य सुरतेत मिळणं कठीण आणि मिळालं तरी परवडणं त्याहून कठीण. हिरामणने ते घरीच केलं. भंगारातले लोखंडी अँगल, सायकलच्या ब्रेकच्या तारा, मागाच्या स्प्रिंगा. दीड वर्ष लागलं. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा शेजारच्या बाई विचारायला आल्या की घरात कोणी रडतंय का. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

आणि मग त्याने मला धरलं. एका रविवारी जेवायला बोलावलं, पोटभर कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, नंतर समोर बसवून दोन गाणी वाजवली आणि विचारलं, कसं वाटलं. मी म्हणालो, छान. पुढच्या रविवारी मी म्हणालो, मधे कुठेतरी थोडं कसंतरी वाटतंय. तेव्हा मात्र तो चिडला. मिलमध्ये ताक्यावर "कुठेतरी कसंतरी" असं लिहितोस का, म्हणून त्याने मला झापलं. मी म्हणालो, अरे बाबा, मला गाण्यातलं काही कळत नाही. त्यावर तो आमच्या अहिराणीत जे बोलला ते मी विसरलेलो नाही.

"तुले गानं समजत नही, हाई बरं शे. तुले खोट दिखस. तेवढीच दखाड."

तेव्हापासून अकरा वर्षं जवळजवळ प्रत्येक रविवारी दुपारी मी बमरोलीला जात होतो. आसपासचे माग त्या दिवशी बंद असायचे, त्यामुळे ऐकू यायचं. खोट कितव्या मिनिटाला आली ते कळावं म्हणून मी भिंतीला टेकून घड्याळ समोर घेऊन बसायचो. तो वाजवायचा. संपलं की मी सांगायचो, दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला सूर उतरला, मग तिथे तार नुसतीच खरखरली, मग पट्टी आधीच सुटली. तो मान हलवायचा. कारण कधी सांगितलं नाही, सबब कधी दिली नाही. एकदा मीच विचारलं की ही चूक सारखी का होते, तर म्हणाला, "ताकाले कारण इचारस का तू?" मी ओशाळलो. चांगलं काय झालं हे मी सांगत नव्हतो आणि त्यानेही कधी विचारलं नाही. मी काही न बोलणं म्हणजेच ते ठीक, असा आमचा अलिखित करार होता. त्या काळात त्याने माझ्याकडे खात्यातल्या लाल दोऱ्याचं एक रीळ मागितलं होतं. वहिनींना शिवणकामाला हवं असेल, असं समजून मी दिलं.

माझ्या सांगण्यातला खडखडीतपणा मला घरी जाताना बसमध्ये टोचायचा. पण पुढच्या खेपेला ती चूक गेलेली असायची आणि मग मी ती टोचणी विसरायचो. महिन्या-दोन महिन्यांत एकेक खोट निघून जात होती. खरखर गेली, सुटणारी पट्टी गेली. बारा तास मागांच्या खडखडाटात काढून घरी आलेला माणूस कानात एवढा सूर कुठे शिल्लक ठेवत असेल, याचं मला नवल वाटायचं. मी ते बोललो नाही.

एकच खोट गेली नाही. त्याची आई हळदीच्या वेळी एक गाणं म्हणायची. बायकांचं गाणं, प्रत्येक ओळीच्या शेवटी लांब हेल. तो हेल हिरामणला त्या तारांतून काढायचा होता, आणि मला वाटतं, एवढा सगळा खटाटोप त्याने मुळात त्या हेलासाठीच केला होता. हेल काढायला डाव्या गुडघ्याने दांडी बाहेर ढकलावी लागायची. सूर वर चढायचा, पण पोचायला अंमळ उशीर व्हायचा. प्रत्येक ओळीला. मी प्रत्येक रविवारी सांगायचो, गुडघ्याचा सूर मागे राहतो. तो म्हणायचा, हो, शे. गेली सहा-सात वर्षं मी तेच सांगत होतो आणि तो तेच उत्तर देत होता. दोघेही त्याच त्या गोष्टीला थकलो होतो.

मधे वैशालीने त्याच्या वादनाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. खूप जणांनी टाळ्या वाजवणारे हात आणि फुलं पाठवली. हिरामणने ती सगळी पाहिली आणि म्हणाला, यांनी ऐकलेलं नाही. मग कुठल्यातरी परदेशातल्या म्हाताऱ्याने चार ओळी लिहिल्या. वैशालीने मराठीत सांगितल्या. त्याने नेमकी तीच खोट पकडली होती, गुडघ्याचा सूर उशिरा येतो म्हणून. आणि पुढे लिहिलं होतं की, हे लोकांसमोर बसून वाजवा. हिरामणने ते तीनदा वाचून घेतलं. मी शेजारीच होतो. इतकी वर्षं मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि हा कोण उपटसुंभ दोन मिनिटांत... असं मनात आलं. म्हणजे मला राग आला. त्याचं नाव मत्सर, हे कळायला हिरामणला मरावं लागलं.

कारण त्याच वर्षी गल्लीतल्या गणपती मंडळाने त्याला वाजवायला बोलावलं. सगळी आपलीच माणसं, खानदेशातली, त्या गाण्यावर बायकांनी मान डोलावली असती. त्याने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. रविवारी हळदीचं गाणं वाजवून दाखवलं आणि विचारलं, "चेकर, वाजाडू का?" मी घड्याळाकडे पाहत म्हणालो, हेल अजून मागे राहतोय, एवढं जमू दे, पुढच्या वर्षी बघू. त्याने एकदाही आग्रह धरला नाही. मंडळाला निरोप गेला. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी कोणी विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी ऊन फार होतं, माझं डोकं दुखत होतं. त्याने नेहमीसारखं वाजवलं. मी धड ऐकलंही नाही, संपल्यावर म्हणालो, गुडघ्याचा सूर मागे राहतो. तो हो, शे म्हणाला आणि जिन्यापर्यंत सोडायला आला. जिना तो एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचा. मी त्याला चिडवलं, म्हातारा झालास. तो हसला.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. घर आवरायला घेतलं होतं. गिटार खिडकीशी होती, तिच्यावर जुनं लुगडं टाकलेलं. वहिनी म्हणाल्या, याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. मी लुगडं काढलं. पुसायला वाकलो तेव्हा खाली, गुडघ्याच्या दांडीला, लाल दोऱ्याची गाठ दिसली. रंग उडून गुलाबी झालेली, तेलाने काळवंडलेली. मी विचारलं, हे काय. वहिनींनी सांगितलं ते असं, की मी रविवारी घरी गेलो की हिरामण त्या दिवशी सांगितलेल्या प्रत्येक खोटीचा एकेक दोरा बांधायचा. जिथली खोट असेल तिथे, पट्टीला, खुंटीला, तारेच्या टोकाला. खोट गेली की कात्रीने कापून टाकायचा. कधीकधी पंधरा-वीस दोरे लोंबकळायचे. शेवटी हा एकच उरला होता.

हा का राहिला, असं मी विचारलं नाही. जन्माची सवय. वहिनींनीच सांगितलं.

"भाऊ, त्यास्ना डावा गुडघा आडवा वळेच नही. लगीननी आगोदर बीम पडेल व्हता त्यावर... तुमले सांगं नही त्यास्नी?"

नाही सांगितलं. बीम म्हणजे मागावर चढवायचा सुताने भरलेला रूळ, त्याचं वजन काय असतं ते मला माहीत आहे. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या गुडघ्यापासून दोन हातांवर बसत होतो. जिन्यावर त्याला उतरताना पाहत होतो आणि चिडवत होतो. कापडातला तुटका धागा मला दुकानाच्या दारात उभ्याने दिसतो, आणि हे दिसलं नाही. एका शब्दाने सांगितलं असतं तर मी सूट दिली असती, आणि ती त्याला नको होती, हेही मला आता समजतं. रागवायचं कोणावर... तो तर निघून गेला.

वैशाली आतून फोन घेऊन आली. मंडळ यंदा त्याच्या आठवणीसाठी त्याचं रेकॉर्डिंग लावणार आहे. तिच्याकडे हळदीच्या गाण्याचं एकच होतं. ती म्हणाली, काका, ओळींच्या शेवटी ते मागे राहतं ना, पप्पांना आवडायचं नाही, मी कॉम्प्युटरवर ते नीट करून घेऊ का? तिने लावलं. मी पहिल्यांदाच घड्याळ न घेता ऐकलं. हेल चढत होता, अडत होता आणि मग पोचत होता. प्रत्येक ओळीला पोचत होता. मी तिला म्हणालो, हात लावू नकोस, आहे तसं लाव.

वहिनींनी कात्री पुढे केली, दोरा कापायला. मी नको म्हणालो. खोट आहे तिथे दोरा असायलाच हवा, तो त्याने बरोबर जागी बांधला होता. चुकलो ते मी, शेवटच्या मोजणीत. चौतीस वर्षांत एका दोऱ्यासाठी मी एकही ताका परत पाठवला नव्हता.