साडूंचे दोन एक्के

हातात दोन एक्के घेऊन हरावं तर आमच्या साडूंनी. दुर्गपासून कुम्हारीपर्यंत त्यांच्यासारखा दुसरा मिळणार नाही. सहा वर्षं दर रविवारी दुपारी, भिलाईतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये, ते, मी आणि त्यांचे दोन शेजारी चिंचोके लावून पोकर खेळलो. साडू एकदाही पहिले आले नाहीत. या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी मांडलेले पहिले तीन पत्ते उघडण्याआधी बोली लागते. कुणी बोली वाढवली आणि आपल्याकडे एक्के असले, तर ती आणखी वाढवायची, म्हणजे फालतू पत्तेवाले पत्ते टाकून डावातून निघून जातात. समोर एकच गडी उरला तर एक्के पाचात चारदा जिंकतात, तिघे राहिले तर तीनात जेमतेम दोनदा. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ते मन लावून वाचलं आणि पुढच्याच डावात एक्के असून बोली न वाढवता नुसती बरोबरी केली. म्हणाले, "भाऊ, घरी आलेल्या मानसाले चहाच्या आधीच घालवून द्याचं का?" उभी नोकरी फर्नेसवर काढलेल्या या माणसाला पत्ते टाकून रिकामा बसलेला पाहुणा बघवत नसे. मग सगळे राहत, कुणीतरी सत्ती-दुर्रीवर दोन जोड्या जमवी, आणि साडू त्याचं कौतुक करत. मेहुणीबाई आतून म्हणत, "हरले? हरसान नाही तं काय!"

निवृत्तीनंतर ते मुलीकडे पुण्याला निघाले. शेवटच्या रविवारी आम्ही बांधलेल्या खोक्यांवर बसून खेळलो. "आज एकडाव तरी जिंकूनच जातो," साडू म्हणाले. अखेरच्या डावात मला दोन राजे आले. शेजाऱ्यांनी दोन-दोन लावले, ती बोली मी दहावर नेली. साडू पत्त्यांकडे बघत राहिले, मग आमच्याकडे.

"अंकल, ट्रेन कल की है ना?" एक शेजारी म्हणाला.

साडूंनी डोळे मिटून सगळे चिंचोके मधे लोटले. शेजाऱ्यांनी पत्ते टाकले. मी विचार केला: सहा वर्षांत या माणसाने आधी कधी बोली वाढवली नाही, म्हणजे एक्केच. राजे पाचात एकदा जिंकतील; बरोबरी करून हरलो तर आज साडू पहिले येतील. मी राजे टाकले.

एक्केच होते. त्यांना आमचे चौदा चिंचोके मिळाले, आणि पहिला मी आलो.

"बरोबर खेळलो नं, भाऊ?"

"अगदी बरोबर."

"तुमच्यापाशी काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग टाकले ते बेसच केलं."

हिशोब मी नंतर दोनदा तपासला. त्यात चूक नाही. तरी ते राजे टाकायला नको होते.