आक्कांचा हात धरणारी गाडी

"हितं धरतंय," आक्का म्हणाल्या. डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या मनगटाभोवती आवळून दाखवली. "दाराला हात लावला की धरतंय. आजारी माणूस कसं धरतंय, तसं. लवकर सोडत न्हाय."

मी मिस्त्री. तीस वर्षं कोल्हापूर आणि आसपास वायरिंग करतोय. गिऱ्हाईक भुताखेतावर आलं की मला आधी चीड येते, कारण मग ते कामाची माहिती द्यायचं बंद करतं. पण आक्का चौगुले तशातल्या नव्हेत. साठी ओलांडलेली, चार म्हशी एकटीनं सांभाळणारी बाई. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्याची त्यांनाच लाज वाटत होती.

त्यांचे यजमान आण्णा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. उभी हयात लोकांना गावोगाव पोचवलं, बायकोला मात्र कुठंच नेलं नाही, ही त्यांच्या मनाला सल. म्हणून त्यांनी एक जुनी मोठी गाडी घेतली आणि आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज, पंखा बसवून फिरतं घर केलं. टपावर दोन सोलर पॅनल, पलंगाखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. सोमवारी दोघं गोकर्णाला निघणार होते. आज शनिवार होता आणि आक्का म्हणत होत्या, ह्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही.

गाडी कसली जुनी, ते मला तिथं गेल्यावर कळलं. मलकापूरच्या रस्त्याला आण्णांचं घर, मागं उसाचा फड. थंडीचे दिवस, सकाळचे आठ. धुकं इतकं की ऊस दिसत नव्हता, नुसती सळसळ ऐकू येत होती. गाडीच्या पांढऱ्या पत्र्यावर दंव साचलं होतं आणि त्यातून रंगाखालची जुनी अक्षरं वर आली होती. ॲम्ब्युलन्स.

"आण्णा, हे फोनवर सांगितलं न्हाय तुम्ही."

"सांगून काय हुतंय? गाडी ती गाडीच की. इंजिन बघा कसलं हाय!"

तक्रार अशी होती. घरातून वायर ओढून गाडीला लाईन दिली की सगळं सुरळीत चालायचं. सोलरवर घेतलं की रोज सकाळी आरसीसीबी पडायचा. आरसीसीबी म्हणजे माणसाचा जीव वाचवणारं बटण. कंडक्टर जेवणाच्या थांब्यानंतर गाडीतली डोकी मोजतो, तसं ते करंट मोजतं. जेवढा गेला तेवढा परत आला तर ठीक. थोडा जरी वाटेत दुसरीकडे गळाला, तर ते खटकन लाईन तोडतं, कारण तो गळालेला करंट एखाद्या माणसाच्या अंगातून जात असू शकतो. आधीच्या वायरमननं ते दोनदा नवं बसवलं होतं. तिसऱ्यांदा यायला तो तयार नव्हता.

आण्णांचं म्हणणं सरळ होतं. "मिस्त्री, तेवढं काढून टाका. डायरेक्ट करा. घरच्या लाईनवर कुठं काय हुतंय?"

"बघू तरी आधी," मी म्हणालो.

इन्व्हर्टर चालू केला. खट. सगळ्या वस्तूंच्या पिना काढल्या. पुन्हा खट. मग सगळे स्विच खाली पाडून एकेक वर केला. ओट्याचा ठीक, पंख्याचा ठीक. मागच्या दाराकडचा वर केला आणि खट. त्या सर्किटवर दोनच गोष्टी होत्या. पलंगावरचा एक निळा दिवा, काच ॲम्ब्युलन्सच्या काळातली, आत नवा एलईडी. आणि मागच्या पायरीशेजारी बाहेरच्या बाजूला एक सॉकेट, त्यात काहीच लावलेलं नाही. ज्याला काही जोडलेलंच नाही, ते करंट पळवतंय कुठं?

आण्णांनी बाहेरून घरची लाईन दिली, मला दाखवायला. सगळं चालू झालं, बटण पडलं नाही. पडदे ओढलेले, आत अंधार. मी पलंगावर टेकलो आणि वर बघितलं. निळ्या दिव्याचा स्विच बंद होता. दिवा पेटलेला होता. पेटलेला म्हणजे पूर्ण नव्हे. पापणी किलकिली करून कुणीतरी बघावं, तेवढाच.

मी स्विच चालू केला, दिवा लख्ख झाला. बंद केला, पुन्हा किलकिला.

याचं कारण मला माहीत होतं. वायरमननं चुकून स्विच फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी, परतीच्या न्यूट्रलवर टाकला की हे नवे एलईडी असे तगून राहतात. दहा घरांत बघितलंय. पण त्या पलंगाच्या जागी पूर्वी स्ट्रेचर होतं आणि त्यावर पडलेल्या किती जणांनी शेवटी हाच दिवा बघितला असेल, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. मी मनातल्या मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली. खोटं कशाला बोलू?

साडेदहाला ऊन पडलं. पुन्हा सोलरवर घेतलं आणि काहीच झालं नाही. एकदा नाही, पाचदा करून बघितलं. बटण ढिम्म. आमच्या धंद्यात असा फॉल्ट सगळ्यात वाईट. समोर असताना साधू होऊन बसतो आणि मिस्त्रीची पाठ वळली की पुन्हा सुरू.

"हे रोजचंच हाय," आण्णा म्हणाले. "उन्हं वर आली की गप. आता बास करा. डायरेक्ट जोडा आणि मोकळं व्हा. सोमवारी निघायचं हाय."

मी दमलो होतो. मला दुपारी गडहिंग्लजला दुसरं काम होतं. इन्व्हर्टर बंद केला आणि आरसीसीबीला वळसा घालायला वीतभर तार कापली. याचा मला अभिमान नाही. बाहेर बाकड्यावर बसून मी तिची टोकं सोलत होतो.

"तवर च्या ठेवतो," म्हणून आण्णांनी घरची लाईन पुन्हा गाडीला दिली आणि किटली लावली. आक्का घरातून दुधाचं भांडं घेऊन आल्या. गाडीत ओट्यावर त्यांचा छोटा देव्हारा होता, म्हणून सवयीनं चपला काढल्या, नळाखाली पाय धुतले. आत यायचं नव्हतंच त्यांना, दूध नुसतं दारातून द्यायचं होतं. मागच्या दाराच्या मुठीला हात लावला आणि किंचाळल्या.

"धरलं! आण्णा, धरलं वो!"

भांडं पडलं. त्यांनी हिसका मारून हात सोडवला आणि मटकन खाली बसल्या. मी धावत जाऊन मूठ पकडली. काहीच नाही. आण्णांनी पकडली. काहीच नाही. आम्ही दोघं दाराला धरून उभे आणि आक्का आमच्याकडे बघतायत. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला सहन झालं नाही. ते फक्त त्यांनाच धरत होतं.

मग मी खाली बघितलं. आण्णांच्या पायात बूट. माझ्या पायात रबरी चप्पल. आक्कांचे पाय अनवाणी, ओले, ओल्या मातीवर.

खिशातला टेस्टर मुठीला लावला. लाल पेटला. अख्ख्या गाडीच्या पत्र्यात करंट होता.

"आण्णा, पहिली ती वायर काढा!" मी ओरडलो.

वायर काढल्यावर तिची पिन बघितली. तीन दांड्यांची पिन, वरची जाड दांडी गायब. ती दांडी अर्थिंगची, म्हणजे गळालेल्या करंटला सुखरूप जमिनीत नेणारी वाट.

"ती व्हय? सॉकेटात बसत नव्हती, मीच मोडली पक्कडीनं," आण्णा म्हणाले.

आता कोडं सुटलं. करंट दोन्हीकडे गळत होता. सोलरवर इन्व्हर्टरचा न्यूट्रल गाडीच्या पत्र्याला जोडलेला, त्यामुळे गळालेल्या करंटला परत जायला वाट होती. आरसीसीबीला गळती कळायची आणि तो पडायचा. घरच्या लाईनवर वाटच मोडलेली. रबरी टायरांवर उभ्या पत्र्यात करंट नुसता तुंबून राहायचा. मग कुणीतरी ओल्या पायांनी येऊन हात लावला की त्याच्या अंगातून जमिनीत. बटण पडेल इतका नव्हे, मनगट आवळेल इतकाच. गळती थोडी वाढली असती तर मात्र त्या बटणानंच पडून जीव वाचवला असता. आणि तेच बटण मी काढायला बसलो होतो.

गळत कुठं होतं? मागच्या पायरीशेजारच्या सॉकेटचं झाकण उचकटलं. स्प्रिंग तुटलेली होती. आत गुलाबी लगदा भरलेला. बोटाला लागला, चिकट होता, आंबूस वास येत होता.

गुलाल. गाडी घेतल्यावर आण्णा-आक्का ती जोतिबाला दाखवून आले होते. तिथं गाडीवर गुलाल पडणारच. पण गुलाल कोरडा असतो, तो एवढं करत नाही.

"आक्का, हितं पाणी कसलं पडतंय?"

त्यांनी पायरीकडे बोट केलं. "नारळ वाढीवतो की पायरीवर. त्ये बटण पडलं की दुसऱ्या दिवशी. बाधा जावी म्हणून."

नारळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून करंट मजेत जातो. रात्रीच्या दंवानं लगदा भिजायचा, सकाळी बटण पडायचं, उन्हानं वाळला की बटण पडण्याइतकी गळती उरायची नाही, मनगट आवळण्याइतकी मात्र उरायची. बटण पडलं की नवा नारळ. नारळ वाढवला की लगदा आणखी ओला.

मी, बशीर मिस्त्री, या बाईला हे कसं सांगणार? "झाकण तुटकं हुतं आक्का, त्याचाच दोष," मी म्हणालो.

"मला यडी समजताय व्हय? खरं बोला. माझ्याच नारळानं झालं न्हवं?"

"व्हय, आक्का."

त्यांनी त्या गुलाबी लगद्याकडे बघितलं. मग आण्णांना म्हणाल्या, "आन् दांडी कुणी मोडली, ते पण बोला की." आण्णा उसाकडे बघायला लागले.

गडहिंग्लजला फोन करून काम पुढं ढकललं. ते सॉकेट काढून टाकलं, नवं आतल्या बाजूला उंचावर बसवलं. घराचं सॉकेट बदललं, नवी वायर, तिन्ही दांड्यांची पिन, घराचं अर्थिंग तपासून घेतलं. निळ्या दिव्याचा स्विच फेजवर आणला. घरची लाईन दिली, टेस्टर मुठीला लावला. पेटला नाही.

"या आक्का."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "टेस्टरचं काय सांगताय? त्याला मनगाट हाय व्हय?"

बरोबर होतं. मी चप्पल काढली, नळाखाली पाय धुतले, ओल्या मातीवर उभा राहिलो. माझ्या कामावर माझा विश्वास आहे, तरी आधी बोटांची पाठ टेकवून बघितली. मूठ धरली. गार लोखंड. नुसतं गार लोखंड.

मग आक्का आल्या. शेजारी अनवाणी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून हात लावला. बराच वेळ काढलाच नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"कोण न्हाय," त्या म्हणाल्या. "आठ दिस रोज म्हणत हुते त्याला, सोड बाबा, मी तुझी कोण न्हवं."

सोमवारी ते गेले. निघताना नारळ वाढवला, पुढच्या चाकापाशी दगडावर.

ज्या बटणावर आम्ही सगळे चिडलो होतो, ते रोज सकाळी खरं सांगत होतं. खोटी होती ती सुरळीत चालणारी लाईन. टोकं सोललेली ती वीतभर तार माझ्या पेटीत अजून आहे. कुणी म्हणालं, "मिस्त्री, तेवढं काढून टाका," की मी ती बाहेर काढतो आणि आधी विचारतो, घरात अनवाणी कोण वावरतं?